सलग एकोणीस दिवस न घासलेली न्हाणी

घरात भूत निघालं तर त्यात घरमालकाचा काही कमीपणा नसतो. उलट चार माणसं येऊन चौकशी करतात, देवळातून भिक्षूला बोलावणं जातं आणि घरमालकाला दोन दिवस कोणी काम सांगत नाही. कोणाच्या माजघरात पांढऱ्या किमोनोतली बाई उभी राहते, कोणाच्या माळ्यावर जुनी छत्री एका पायावर उड्या मारते. तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग झाला. अकानामेचं तसं नाही. लांब जिभेने न्हाणीतला मळ चाटून खाणं एवढाच त्याचा उद्योग, त्यामुळे तो फक्त अशाच घरी येतो जिथली न्हाणी बरेच दिवस घासलेली नसते. म्हणजे अकानामे निघाला की दोष नशिबावर ढकलायची सोय उरत नाही. लोक थेट घरमालकाकडे बघतात.

शिगेआकी तोकुमारू यांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. शिवाय ते पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते आणि 'पाण्याची शुद्धता' या विभागाचे उपप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. त्याचं मानपत्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत अजून लटकतं आहे. पुढे जे काही झालं, त्यात तोकुमारूंना त्या मानपत्राकडे वर मान करून बघायची चोरी झाली.

झालं असं, की त्यांची बायको नोबुए पाच आठवड्यांसाठी अकिताला गेली. तिच्या थोरल्या बहिणीचा खुबा मोडला होता. जाताना तिने फ्रीजवर एक कागद चिकटवला. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा, कोणत्या कुंडीला किती पाणी घालायचं, आणि सगळ्यात खाली: 'न्हाणी. रोज. आंघोळ झाली की टबातलं पाणी सोडून देणे व घासणे.' त्यातल्या 'रोज'खाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. पस्तीस वर्षं सरकारी कागद वाचलेल्या माणसाला दोन रेघांचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्या संध्याकाळी तोकुमारूंनी ब्रश हातात घेतला. ते वाकले. कमरेत कट्कन आवाज झाला. मग ते टबाच्या कडेवर बसले आणि विचार करू लागले, आणि जगातल्या बऱ्याच भानगडी अशाच कुठेतरी कडेवर बसून विचार केल्यामुळे सुरू होतात. त्यांचा विचार असा होता: आपल्याकडे कोणीही माणूस टबात उतरण्याआधी बाहेर बसून अंग खसाखसा घासून घेतो. म्हणजे स्वच्छ माणूस स्वच्छ पाण्यात उतरतो. स्वच्छात स्वच्छ मिळवलं तर मळ येईल कुठून? त्यातून आता घरात माणूस एकच. या हिशेबात त्यांना कुठेही चूक सापडली नाही. त्यांनी ब्रश खुंटीला लावला आणि जेवायला बसले.

आठ वाजता नोबुएचा फोन आला. ताईची तब्येत सांगून झाली, थंडी सांगून झाली, मग तिने विचारलं, "घासलीत का?"

"घासली," तोकुमारू म्हणाले.

शब्द निघून गेला. पहिल्या दिवशी खोटं बोलताना त्यांचे कान गरम झाले. दुसऱ्या दिवशी जरा कमी झाले. पाचव्या दिवशी तर तिने विचारायच्या आत त्यांनी आपणहून सांगून टाकलं. सातव्या दिवशी फोनवर नोबुएची ताई आली आणि म्हणाली, "भावजी, नोबुए सांगत होती तुम्ही रोज न्हाणी घासता म्हणून. आमच्या यांना ब्रशची दिशासुद्धा माहीत नव्हती. भाग्यवान हो माझी बहीण." लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण नोबुएने आपलं कौतुक कोणाजवळ केल्याचं तोकुमारूंच्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी त्यांना हेही कळलं, की आता मागे फिरता येणार नाही. खरं सांगायचं तर तो पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सांगायचा मामला होता. आता ते कौतुक परत करावं लागलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीन वाजता तोकुमारू वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेव्हा न्हाणीतून आवाज आला. कोणीतरी गरम नूडल्स ओढून खावेत तसा. नळ राहिला असेल म्हणून ते उठले आणि त्यांनी न्हाणीचं दार सरकवलं.

आत टबात एकजण बसला होता. उंची पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी, पण चेहरा पन्नाशीचा. रंग लाल, केस तेलकट, पायाला एकच नख आणि जीभ हातभर लांब. त्या जिभेने तो टबाचा कोपरा मन लावून चाटत होता. तोकुमारूंना बघून तो दचकला, जीभ निम्मी आत घेतली, टबातून बाहेर आला आणि कमरेत वाकला.

खरी चूक इथे झाली. समोरचा वाकला की आपणही वाकायचं आणि मग समोर कोण आहे ते बघायचं, हे वळण तोकुमारूंच्या हाडात मुरलेलं. ते वाकले. पाहुणा घरी आलेला म्हणून त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्तच वाकले. त्यावर संकोचून तो आणखी वाकला, मग हेही आणखी वाकले, आणि पाच मिनिटांनी दोघं सरळ झाले तेव्हा रीतसर ओळख होऊन बसली होती. अनोळखी अकानामेला झाडूने हाकलता येतं. ओळख झालेल्याला हाकलायला कारण द्यावं लागतं, आणि कारण म्हणजे तोकुमारूंची स्वतःचीच न घासलेली न्हाणी.

तो गेल्यावर, म्हणजे छताच्या झरोक्यातून वर सरकल्यावर, तोकुमारूंनी टब बघितला. टब असा लखलखत होता की आत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा ओशाळलेला होता, पण स्पष्ट दिसत होता.

"घासलीत का?" नोबुएने आठ वाजता विचारलं.

"नोबुए, तोंड दिसतंय टबात," तोकुमारू म्हणाले. एकोणीस दिवसांत ते पहिल्यांदा खरं बोलले होते.

पुढचे तीन दिवस मजेत गेले. अकानामे दुपारी तीनला यायचा, वाकायचा, चाटायचा, वाकायचा, जायचा. तोकुमारूंनी त्याच्यासाठी एक छोटा टॉवेलही काढून ठेवला. रविवारी शेजारच्या मियोशी आजी शिजवलेल्या भोपळ्याचं भांडं घेऊन मागच्या दाराने आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या आजींच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. मागच्या दाराकडे येताना न्हाणीची खिडकी लागते.

"तोकुमारू-सान, न्हाणीत कोण आहे हो?"

"पुतण्या."

"लाल दिसतो."

"गरम पाण्यात जरा जास्त वेळ बसला."

"त्याची जीभ नळाला गुंडाळलेली आहे."

तोकुमारूंनी भोपळ्याचं भांडं हातात घेतलं, उघडून बघितलं आणि पुन्हा झाकलं. "लांबचा पुतण्या आहे," ते म्हणाले.

"अहो, मला काय शिकवता, अकानामे आहे तो," आजी खिडकीत डोकावून म्हणाल्या. "माझ्या आत्याकडे होता. तिची जाऊ महाआळशी. किती दिवस घासली नाहीत?"

"आजी, नोबुएला कळता कामा नये."

"मी कशाला सांगू? मला काय तेवढाच उद्योग आहे?" आजी खिडकीतून हलल्या नाहीत. "काम मात्र सुरेख करतो हो. माझे गुडघे हल्ली वाकत नाहीत. मंगळवारी दुपारी तासभर पाठवाल का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. मंगळवारी दुपारी तोकुमारूंनी अकानामेला नोबुएचा रेनकोट घातला, टोपी पुढे ओढली आणि त्याला घेऊन निघाले. दोन दारांचं अंतर. पण वाटेत जो भेटला त्याला अकानामे थांबून वाकला, आणि तो माणूसही सवयीने उलट वाकला. टोफूवाला वाकला, पोस्टमन सायकलवरून उतरून वाकला, समोरच्या घरातल्या सूनबाई कपडे वाळत घालता घालता वाकल्या. अशा रीतीने अर्ध्या तासात सगळ्या गल्लीची अकानामेशी रीतसर ओळख झाली आणि कोणालाच तोंडावर तक्रार करता येईना. तोंडावर करता येत नाही ती तक्रार करायला आपल्याकडे फिरती पाटी असते.

शनिवारी ती आली. वस्ती मंडळाची सूचना पाटीला अडकवून घरोघर फिरते. वाचायची, सहीच्या जागी आपला शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. तोकुमारूंच्या आधी नऊ घरांचे शिक्के पडले होते. वर लिहिलं होतं: 'आपल्या गल्लीतील एका घरी अकानामेचा वावर असल्याचे आढळून आले आहे. संबंधितांच्या प्रतिष्ठेस्तव घराचे नाव देत नाही. सर्वांनी आपापल्या न्हाण्या तपासून घ्याव्यात. तोकुमारू-सान यांनी सवडीने अध्यक्षांना भेटावे.'

तोकुमारूंनी ते दोनदा वाचलं. मग शिक्का काढला, त्यावर हा करून फुंकर मारली आणि चौकटीच्या बरोबर मध्ये, जराही तिरपा न होऊ देता उमटवला. इतका सरळ शिक्का त्या पाटीवर दुसरा नव्हता. पाटी मियोशी आजींकडे दिली तेव्हा आजी म्हणाल्या, "कोणाचं घर असेल बाई?" आणि आत निघून गेल्या.

मंडळाचे अध्यक्ष उसामी-सान म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चहा दिला, तांदळाचे पापड पुढे केले आणि बराच वेळ शेवंतीबद्दल बोलले.

"ते गृहस्थ कोण, हे मी विचारत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण समजा, तुमच्या ओळखीचे असले तर."

"तोंडओळख आहे," तोकुमारू म्हणाले.

"तर त्यांना सांगा, शिकलेसवरलेले आहेत, मोठ्या जागेवर होते. असं लपवून ठेवणं शोभत नाही. पालिकेत जाऊन रीतसर नोंद करा म्हणावं."

"सांगतो त्यांना."

"आणि म्हणावं, न्हाणी घासली तरी चालेल."

"तेही सांगतो," तोकुमारू म्हणाले. त्यांचे कान पुन्हा गरम झाले होते.

मंगळवारी ते पालिकेत गेले. उपद्रवी प्राण्यांच्या खिडकीत किताहोरी नावाची एक मुलगी होती. अतिशय नम्र. तिने अर्ज काढला. "गांधीलमाशी, साप, उंदीर, रॅकून, की इतर?"

"इतर."

"काय नुकसान केलं?"

"नुकसान नाही. न्हाणी साफ करतो."

"मग तक्रार काय लिहू?"

"साफ करतो हीच."

तिने पेन खाली ठेवलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. "पाय किती आहेत त्याला?"

"दोन."

"मग आमच्याकडे येत नाही. दोन पायांचे रहिवासी विभागात."

"कावळ्यालाही दोनच असतात," तोकुमारू म्हणाले.

"कावळा वाकून नमस्कार करतो का?"

"नाही."

"आणि हा?"

तोकुमारूंनी अर्ज उचलला आणि जिना धरला. रहिवासी विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे कळलं, की नवीन रहिवाशाची नोंद करायची तर आधीच्या गावाचा स्थलांतराचा दाखला लागतो. अकानामे आधी कुठे राहत होता? तो बोलत नाही, फक्त चाटतो, असं तोकुमारूंनी सांगितलं. हरकत नाही, खिडकीतले गृहस्थ म्हणाले, मग आधीच्या न्हाणीच्या मालकाचं पत्र आणा, शिक्क्यासकट. म्हणजे आमची न्हाणी घासलेली नव्हती असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणारा माणूस शोधायचा. असा माणूस होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत सापडणार नाही. पण तोकुमारूंनी वाकून आभार मानले. स्वतः पस्तीस वर्षं त्यांनीही लोकांना अशाच गोड आवाजात या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं होतं. समोरचा माणूस जाताना पायऱ्यांवर काय पुटपुटत असेल, हे त्यांना त्या दिवशी उतरताना कळलं.

पुटपुटणं ऐकून तळमजल्यावरच्या एका दारातून एक बारकेला माणूस बाहेर आला. "अकानामे म्हणालात?" त्याने विचारलं. "खरा? चाटणारा?" हा तेशिमा, वारसा जतन विभागाचा. त्याचे डोळे भरून आले होते. अकरा वर्षं त्याच्या विभागाला एका मोडक्या पुलाशिवाय जतन करायला काही मिळालं नव्हतं.

तासाभरात तो तोकुमारूंच्या घरी हजर झाला. पालिकेचा माणूस तासाभरात घरी येणं अकानामेपेक्षाही दुर्मीळ आहे, पण ते असो. त्याने अकानामेचे फोटो काढले, जिभेची लांबी मोजली, दोन्हीकडून वाकून झालं. मग त्याने पिशवीतून अर्ज काढला.

"ही न्हाणी आजपासून संरक्षित. ब्रश लावायचा नाही. सध्याची अस्वच्छता आहे तशी जपायची. आणि फाटकावर एक पाटी बसवू आम्ही, शुक्रवारी."

"कसली पाटी?"

"माहितीची. लोक बघायला येतील ना. बरं, अकानामे प्रकट होण्याआधी न्हाणी किती दिवस घासली नव्हती?"

तोकुमारूंनी खिडकीबाहेर बघितलं. फोनवर बायकोशी ते रोज खोटं बोलत होते, त्याचा आता सराव झाला होता. पण हा अर्ज होता. चौकट होती, क्रमांक होता, खाली शिक्क्याची जागा होती. अर्जात खोटं लिहिणं त्यांना जमलं नसतं.

"एकोणीस," ते म्हणाले.

"सलग?"

"सलग. पाटी न्हाणीत लावली तर? आतल्या बाजूला?"

"पाटी जनतेसाठी असते," तेशिमा प्रेमाने म्हणाला.

त्या संध्याकाळी नोबुए फोनवर खूश होती. "शनिवारी दुपारच्या गाडीने येते. ताई आता काठी घेऊन चालते. तुमचं सगळ्यांना सांगत असते हो, व्यायामाला येतात त्या बायकांनासुद्धा. घासलीत का?"

आता सांगावं, असं तोकुमारूंना अगदी मनापासून वाटलं. शुक्रवारी पाटी, शनिवारी बायको. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती. पण अकितातल्या त्या व्यायामाच्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"घासली," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

बुधवारी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी मार्ग शोधला. अकानामेच नसेल तर पाटी कशाची? आणि न्हाणी खरोखर घासली तर अकानामे राहील कशाला? सरळ गोष्ट होती. सुचायला एक महिना लागला एवढंच. गुरुवारी सकाळी संरक्षणाचा नियम धाब्यावर बसवून ते मियोशी आजींच्या दारात उभे राहिले.

"आजी, न्हाणी घासतात कशी?"

आजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग चटई घेऊन त्या आल्या, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या.

"टब काय घासताय, तो चाटूनच झालाय. झाकणाच्या खाचा बघा. बघा म्हणजे बोट घाला. आता जाळी काढा. केस आहेत ना? कोणाचे आहेत मग? तुमचेच. आता स्टूल उलटं करा. आणि टबाची बाजूची फळी निघते, ती ओढा."

"फळी निघते?" तोकुमारू म्हणाले. त्या घरात राहून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती.

फळी निघाली. मागे जे होतं त्याकडे पाण्याची शुद्धता विभागाच्या माजी उपप्रमुखांनी बघितलं आणि बाह्या आणखी वर सारल्या. अकानामेची जीभही तिथवर पोचली नव्हती.

"हे नोबुए रोज करते?"

"रोज कशाला? फळी शनिवारी. बाकीचं रोज."

तोकुमारू गुडघ्यावर बसून घासू लागले. एक तास गेला, दीड तास गेला. कंबर आधी दुखली, मग जळली, मग आहे की नाही ते कळेना. नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता आणि मनातल्या मनात ते अडतीसला तीनशे पासष्टने गुणत होते. गुणाकार प्रत्येक वेळी चुकत होता, पण लाज मात्र बरोबर वाटत होती. स्वच्छात स्वच्छ मिळवल्यावर मळ कुठून येतो या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या नखांत भरलं होतं.

तीन वाजता अकानामे आला. दारात थांबून त्याने ब्रशकडे बघितलं, उघड्या जाळीकडे बघितलं, आणि हळूहळू जीभ गुंडाळून घेतली. लाल रंग उतरून तो गुलाबी पडला. तोकुमारूंना कसंसंच झालं. जाळीतला नखभर गोळा त्यांनी साबणदाणीत ठेवून त्याच्यापुढे सरकवला.

"लाड करू नका," आजी म्हणाल्या.

अकानामेने तो खाल्ला आणि वाकला. तोकुमारू मोडक्या कमरेने वाकले. तो दोन पावलं मागे जाऊन पुन्हा वाकला. त्याला फाटकापर्यंत पोचवायला वीस मिनिटं लागली, आणि कोपऱ्यावरून तो शेवटचा वाकला तेव्हा तोकुमारूंना आधाराला फाटक धरावं लागलं. मग तो उसामींच्या बंगल्याकडे वळला आणि न्हाणीच्या खिडकीतून सरळ आत गेला. वाट माहीत असल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी तेशिमा पाटी आणि दोन माणसं घेऊन आला. ज्या पालिकेत दिव्याचा खांब बदलायला दोन हिवाळे जातात, तिथे पाटी तीन दिवसांत तयार झाली होती.

"गेला तो," तोकुमारू फाटकातच म्हणाले. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला होता. "तेव्हा पाटीची आता गरज नाही."

तेशिमा खरोखरच रडला. रुमालाने डोळे पुसले, चष्मा पुसला, मग पाटीकडे बघत म्हणाला, "उलट आता तर ते पूर्वस्थान झालं. पूर्वस्थानाला पाटी लागतेच. फक्त एक ओळ वाढवावी लागेल."

तोकुमारूंच्या डोळ्यांसमोर चार बोल्ट पिळले गेले. पाटी काळ्या दगडाची, अक्षरं सोनेरी: 'अकानामेचे पूर्वस्थान. या घरातील न्हाणी सलग एकोणीस दिवस न घासल्यामुळे येथे अकानामे प्रकट झाला. घरमालक: शिगेआकी तोकुमारू, माजी उपप्रमुख, पाण्याची शुद्धता विभाग.' वाढवलेली ओळ खाली पांढऱ्या रंगात हाताने लिहिली: 'नंतर न्हाणी घासल्यामुळे तो निघून गेला, याबद्दल खेद आहे.' काढायची असेल तर अर्ज कुठे करायचा हे तोकुमारूंनी विचारून घेतलं. तीन महिने लागतात आणि घरातल्या सर्व मोठ्या माणसांचे शिक्के लागतात, असं कळलं.

त्यांनी पाटीपुढे शेवंतीची कुंडी उंच स्टुलावर ठेवली. पोस्टमनने ती वाटेत येते म्हणून बाजूला केली. त्यांनी पाटीवर रेनकोट वाळत घातला. समोरच्या सूनबाई तो घडी घालून आणून देत म्हणाल्या, "तुमचा रेनकोट पाटीवर उडाला होता, अक्षरं झाकली जात होती."

शनिवारी दुपारी नोबुए टॅक्सीतून उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अकिताच्या लोणच्याची पिशवी. तोकुमारू फाटकाशी पाठ टेकून उभे होते, पाटीच्या बरोबर पुढे. गल्लीतले सगळे नेमके त्याच वेळी आपापल्या दारासमोर झाडत होते.

"ये. दमली असशील. मागच्या दाराने जाऊ या, इकडे ऊन आहे."

"बाजूला व्हा बघू," नोबुए म्हणाली.

ते बाजूला झाले. नोबुएने पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून लावला आणि वाचायला सुरुवात केली. एकदा वाचलं. मग बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचलं. गल्लीत झाडूंचा आवाज थांबला होता.

"एकोणीस," ती म्हणाली. "म्हणजे मी गेले त्या दिवसापासून."

"हो."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तो यायचा. मग परवा मी घासली. एकदाच." तोकुमारूंचा आवाज चिरकला, पण आता ते थांबले नाहीत. "नोबुए, मी रोज खोटं बोललो. तू ताईंजवळ माझं कौतुक केलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. ते कौतुक सोडवेना मला. तुझी मान खाली गेली माझ्यामुळे, तिकडे आणि इकडे. ताईंना काय तोंड दाखवू मी?"

"ताईला माहीत आहे," नोबुए म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अहो, न्हाणी घासून आलेला माणूस फोनवर धापा टाकतो. तुम्ही 'घासली' म्हणायचात ते जेवून ढेकर दिल्यासारखं. पहिल्याच दिवशी कळलं मला. दुसऱ्या दिवसापासून ताई म्हणाली, आवाज मोठा कर, मलाही ऐकू दे. मग व्यायामाच्या बायका आठच्या सुमाराला यायला लागल्या. तुम्ही ते तोंड दिसतंय म्हणालात ना टबात, त्या दिवशी ताई काठीशिवाय उभी राहिली हसता हसता."

तोकुमारूंचं तोंड उघडं राहिलं. "आणि त्या म्हणाल्या, भाग्यवान आहे माझी बहीण म्हणून?"

"तिला बघायचं होतं तुम्ही कुठवर जाता," नोबुए म्हणाली आणि पाटीकडे वळून एकदा बघितलं. "पाटीपर्यंत जाल असं मात्र आम्हाला वाटलं नव्हतं."

ती आत गेली. बॅग तशीच दारात ठेवून सरळ न्हाणीत. झाकणं वाजली, जाळी वाजली, मग फळी निघाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तोकुमारू बैठकीच्या खोलीत मानपत्राकडे पाठ करून बसले होते.

"फळीमागचं कोणी सांगितलं?" तिने दारात येऊन विचारलं.

"मियोशी आजींनी."

"कोपरा राहिलाय डावीकडचा," नोबुए म्हणाली. मग जरा थांबून, "बाकी बरी आहे."

त्या पाटीच्या अर्जावर शिक्का देशील का, असं तोकुमारूंनी हळूच विचारलं. बघू, असं ती म्हणाली. तिने लोणचं काढलं, भात लावला, कुंड्यांना पाणी घातलं.

त्यांच्या संसारात अडतीस वर्षं पहिली आंघोळ तोकुमारूंची. नव्या पाण्यात, वाफा येत असताना ते उतरायचे. मग मुलं होती तेव्हा मुलं. शेवटी, पाणी निवल्यावर, नोबुए. आणि जो शेवटी उतरतो तो पाणी सोडतो आणि टब घासतो. हा नियम कोणी केला नव्हता, कोणी बोललंही नव्हतं, त्यामुळे तो मोडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. साडेपाचला तोकुमारू सवयीने टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीशी आले, तर तिथे नोबुए उभी होती. तिच्या खांद्यावरही टॉवेल होता.

"आज मी आधी," ती म्हणाली.

"हो, हो. प्रवासाने दमली आहेस."

"दमले नाहीये," नोबुए म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तोकुमारू बाहेर लाकडी जमिनीवर बसून राहिले. आतून पाण्याचा खळखळाट आला, मग सुस्कारा आला, मग गुणगुणणं सुरू झालं. नोबुएला गुणगुणता येतं हे त्यांना अडतीस वर्षांत कळलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा लाल झाला होता आणि दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"जा," ती म्हणाली. "पाणी अजून कोमट आहे."

"उद्यापासून पुन्हा नेहमीसारखं?"

"उद्यापासून असंच."

तोकुमारू आत गेले, बाहेर बसून अंग घासलं आणि टबात उतरले. पाणी खरंच कोमट होतं. समोर खुंटीला ब्रश लटकत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, खांद्यापर्यंत पाण्यात बुडाले, आणि जितका वेळ बसता येईल तितका वेळ तसेच बसून राहिले.